उसवलेला हत्ती, टिकलेला मंगळवार

२३ नोव्हेंबर १५९६, मंगळवार, दुपारची वेळ. इंग्लंडमध्ये ॲलिस ली नावाची मुलगी जन्माला आली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला इकडे अहमदनगरच्या तटावर चांदबिबी मोगलांशी झुंजत होती. तिकडे ऑगस्टमध्ये शेक्सपिअरचा अकरा वर्षांचा मुलगा गेला होता. या मोठ्या नावांच्या गर्दीत एका तान्ह्या मुलीचा जन्म कुणाच्या लक्षात राहायचं काही कारण नव्हतं. तरी तो राहिला, आणि तोही वार-वेळेसकट, कारण एका बाईनं तो कापडावर टाक्यांनी लिहून ठेवला. तिचं नाव जेन बॉस्टॉक.

कापडावर तिचं नाव आणि १५९८ हे साल आहे. खाली इंग्रजीतलं एक साधं वाक्य आहे. त्याचा अर्थ एवढाच, की ॲलिस ली २३ नोव्हेंबरला, मंगळवारी, दुपारनंतर जन्मली, साल १५९६. आपल्याकडे घरातली जाणती माणसं पंचांगाच्या कडेला किंवा रोजमेळाच्या वहीत मुलांचं जन्मटिपण लिहून ठेवत, तसाच हा प्रकार. तिथी, वार, वेळ, नाव. एक अक्षर जास्त नाही.

मी हा वार ताडून पाहिला. इंग्लंडनं १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर सोडलं नव्हतं आणि १५९६ साली ते आजच्या कॅलेंडरच्या दहा दिवस मागं होतं. म्हणजे आजच्या हिशेबानं ॲलिसचा जन्म ३ डिसेंबर १५९६ चा. आजच्या कॅलेंडरचे वार बरोबर ४०० वर्षांनी पुन्हा जसेच्या तसे येतात, म्हणून ३ डिसेंबर १९९६ चा वार काढला. मंगळवार. जेननं दोन वर्षांपूर्वीचा वार लिहिला आणि तो चुकला नाही. जुन्या बखरींत वार आणि तिथीचा मेळ बसत नाही म्हणून संशोधक किती खल करतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या एका शब्दाचं मोल कळेल. ज्याला आपण ‘बायकांचं भरतकाम’ म्हणून बाजूला ठेवतो, ते कापड इतिहासाच्या कसोटीला उतरणारा पुरावा आहे. हा लेख त्या पुराव्याचा आहे.

आज हे कापड लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये आहे. त्याचा नोंदणी क्रमांक १९६० सालचा आहे, म्हणजे ते संग्रहालयात येऊनही साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. साल घातलेलं, ब्रिटनमधलं सर्वांत जुनं उपलब्ध सँपलर, म्हणजे टाक्यांच्या नमुन्यांचं कापड, म्हणून ते ओळखलं जातं. लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर, रुंदी ३६. एक हातही न भरणारा तुकडा. पण एवढ्याशा जागेत जेननं जे भरलंय ते पाहत राहावं. कापड जवसाच्या धाग्याचं, म्हणजे लिननचं. त्यावर रेशीम, जरीची तार, बारीक मोती आणि काळे मणी. टाके मोजायला बसलं तर उलट टीप, भरीव टाका, साखळी, काज टाका, गाठीचे टाके, शिवाय जरीची तार वर अंथरून तिला खालून बारीक टाक्यांनी बांधण्याची रीत. काज टाक्यांचा एक प्रकार तर असा, की टाका फक्त कडेला कापडाला धरतो आणि मध्ये स्वतःच्याच जाळीवर उभा राहतो. हे शिकाऊ हाताचं काम नव्हे. सँपलर म्हटलं की शाळकरी मुलीनं बाईंच्या धाकानं भरलेलं कापड डोळ्यांपुढे येतं, पण ती गोष्ट फार पुढची. जेनच्या काळात सँपलर कसलेल्या बाईच्या हाताखाली असायचं.

त्याचा उपयोग काय, हे नावातच आहे. लॅटिनमध्ये ‘एक्झेंप्लम’ म्हणजे नमुना, त्यावरून फ्रेंचमार्गे आलेला हा शब्द. कुणाच्या बाहीवर सुंदर किनार दिसली, कुणाच्या उशीवर नवा टाका दिसला, की आठवणीत आहे तोवर तो आपल्या कापडाच्या कोपऱ्यात उतरवून ठेवायचा. सबंध किनार भरायची गरज नाही. नक्षी एकदा पुरी फिरून पुन्हा सुरू होते तेवढा तुकडा पुरे. मग कधी कुणाची कॉलर भरायची झाली, की हे कापड उलगडायचं आणि त्यावरून टाके मोजायचे. आपल्याकडे बायका विणीचे तुकडे डब्यात जपून ठेवतात, शेजारणीच्या स्वेटरची वीण फुल्या-टिंबं करून वहीत उतरवतात, तेच हे. थोडक्यात, ज्यांच्या हाती लेखणी क्वचितच दिली जाई त्यांची ही वही होती.

आणि ही वही राणीच्या महालातही होती. सातव्या हेन्रीची राणी, यॉर्कची एलिझाबेथ, हिच्या खासगी खर्चाच्या हिशेबात १० जुलै १५०२ ची एक नोंद आहे: राणीसाहेबांच्या सँपलरसाठी लिननचं कापड, आठ पेन्स. त्या कापडावर राणीनं काय भरलं ते कापडाबरोबर गेलं. सात महिन्यांनी, बाळंतपणानंतर, तिचाही मृत्यू झाला. राहिली ती हिशेबातली ओळ. तिची नात, पहिली एलिझाबेथ, अकरा वर्षांची असताना सावत्र आईला एका पुस्तकाचा स्वतः केलेला अनुवाद भेट देते आणि त्याला स्वतः भरलेलं कापडी वेष्टन घालते. ते १५४४ सालचं वेष्टन ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आजही आहे. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या ॲलिसच्या जन्माच्या आसपास लिहिल्या गेलेल्या नाटकात दोन मैत्रिणींचं एकमेकींवरचं प्रेम सांगताना नाटककार कशाची आठवण काढतो, तर दोघींनी एकाच सँपलरवर मिळून भरलेल्या फुलाची. प्रेक्षकांना ती उपमा समजावून सांगावी लागत नव्हती.

सुईची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आज दहा रुपयांत सुयांचं पाकीट मिळतं, म्हणून त्या काळी सुई हरवणं म्हणजे काय हे आपल्याला उमगत नाही. १५७५ साली इंग्लंडमध्ये ‘गॅमर गर्टन्स नीडल’ नावाचं विनोदी नाटक छापलं गेलं. त्याचं सगळं कथानक एका म्हातारीची एकुलती एक सुई हरवते यावर उभं आहे. गाव उलथापालथ होतं. जॉन स्टो या इतिहासकाराच्या नावावरच्या बखरीत असं नोंदलंय, की इंग्लंडच्या मेरी राणीच्या काळात लंडनच्या चीपसाइडमध्ये एक आफ्रिकी कारागीर उत्तम ‘स्पॅनिश’ सुया बनवायचा, पण त्यानं ती विद्या कुणाला दिली नाही. पुढे एलिझाबेथच्या कारकिर्दीच्या आठव्या वर्षी एका जर्मन माणसानं ती इंग्रजांना शिकवली. म्हणजे जेनच्या हातातली बारीक पोलादी सुई ही तिच्या देशात जेमतेम एका पिढीपूर्वी रुजलेली वस्तू होती. बारीक सुईशिवाय हे बारीक काम झालंच नसतं.

आणि नक्षी कुठून यायची? काही आईकडून, काही शेजारून, आणि आता काही छापखान्यातून. १५२० च्या दशकात जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात भरतकामाच्या नमुन्यांचं पुस्तक छापून निघालं आणि मग अशा पुस्तकांची रीघ लागली. १५८७ मध्ये पॅरिसला फेदेरिको विंचोलो या व्हेनिसच्या माणसाचं पुस्तक आलं. चौकटी-चौकटींच्या कागदावर पक्षी, सिंह, देव-देवता, सगळं मोजून भरता येईल असं. या पुस्तकांच्या प्रती आज फार थोड्या उरल्यात, कारण त्या वापरूनच संपल्या. पानावरच्या चित्राच्या रेषेवर टाचणीनं भोकं पाडायची, पान कापडावर ठेवायचं, वरून कोळशाची पूड चोळायची, की खाली ठिपक्यांची आकृती उमटते. रांगोळीच्या छापाचं तत्त्व हेच, आणि आपल्याकडचे भरतकामवाले खाका टोचून त्यावरून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ फिरवतात तेही हेच. चार-सहा वेळा भोकं पाडली की पुस्तकाच्या पानाचं आयुष्य संपतं.

इथे एक धागा असा लागतो, की तो मराठी आणि कोकणी माणसानं धरून ठेवावा. विंचोलोच्या नमुन्यांची इंग्रजी आवृत्ती १५९१ साली लंडनला निघाली. तिच्यावर ज्यांची नावं आहेत त्यांतला एक होता मुद्रक-प्रकाशक जॉन वुल्फ. याच जॉन वुल्फनं १५९८ मध्ये, म्हणजे नेमकं जेननं आपल्या कापडावर टाकलेल्या साली, आणखी एक पुस्तक प्रसिद्ध केलं: यान हाइखेन फान लिन्सखोतेन या डच माणसाच्या प्रवासवर्णनाचा इंग्रजी अनुवाद. लिन्सखोतेन १५८३ ते १५८८ गोव्यात होता, तिथल्या पोर्तुगीज आर्चबिशपचा चिटणीस म्हणून. गोव्याचा भर रस्त्यातला बाजार, तिथले गुलाम, पालख्या, मिरी, जहाजांचे मार्ग, हत्तींचे स्वभाव, सगळं त्यानं टिपून नेलं. दोन वर्षांनी, १६०० च्या अखेरीस, लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. कंपनीच्या माणसांना पूर्वेची वाट दाखवणाऱ्या पुस्तकांत हे पुस्तक होतं. म्हणजे एकाच मुद्रक-प्रकाशकानं इंग्लंडच्या बायकांना सुईसाठी नमुने दिले आणि इंग्लंडच्या व्यापाऱ्यांना आपल्या किनाऱ्याचा नकाशा दिला. पहिल्याचा उल्लेख कलेच्या पुस्तकात तळटिपेत येतो, दुसऱ्याचा साम्राज्याच्या इतिहासात पहिल्या प्रकरणात. त्याच्या पुस्तकांच्या यादीत मात्र दोन्ही एकत्रच होती.

आता जेनच्या चित्रांकडे येऊ. कापडाचा खालचा बराचसा भाग नक्षीचा आहे, वेल आणि भौमितिक आकृत्या एकमेकांना खेटून. वरच्या भागात सुटी सुटी चित्रं आहेत. फुलझाडं. हरीण. साखळीनं बांधलेलं अस्वल. लहानसा बिबट्या. सिंह. आणि एक कुत्रा, ज्याच्याजवळ त्याचं नाव भरलंय: जूनो.

ही नुसती गोजिरवाणी चित्रं म्हणून बघितली तर अर्धी गोष्ट हातून जाते. त्या काळच्या इंग्रज माणसाला प्राणी वाचता येत. सिंह आणि बिबट्या ढालींवरून, मोहरांवरून, सरदारांच्या दारांवरून रोज भेटायचे. प्रत्येक घराण्याचं चिन्ह ठरलेलं होतं आणि ते कुठल्या बाजूला तोंड करून उभं आहे यालाही अर्थ होता. साखळीतलं अस्वल लोक दोन ठिकाणी पाहत. एक, वॉरिकच्या जुन्या घराण्याच्या आणि राणीच्या लाडक्या लेस्टरच्या अर्लच्या चिन्हावर, आणि दुसरं, थेम्सच्या दक्षिण काठावरच्या बेअर गार्डनमध्ये, जिथे खांबाला बांधलेल्या अस्वलावर कुत्रे सोडायचा क्रूर खेळ पैसे देऊन बघितला जाई. खुद्द राणीला तो आवडायचा. जेनच्या वरच्या भागात कुत्राही आहे आणि अस्वलही, पण इथं कुणी कुणावर धावून जात नाही. प्रत्येकजण आपल्या जागी, आपल्यापुरती कोरी जागा राखून उभा आहे.

जूनोपाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो. घरच्या कुत्र्याचं नाव असेल, तसं ते दिसतंच. पण जूनो ही रोमन लोकांची लग्नाची आणि बाळंतपणाची देवता. अडलेली बाई तिचा धावा करायची. एका मुलीच्या जन्माची नोंद करणाऱ्या कापडावर नेमकं हेच नाव यावं, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. सुशिक्षित घरातल्या बाईला त्या काळी या देवतांच्या गोष्टी पाठ असत. बघणाऱ्याला कुत्रा दिसेल, कळणाऱ्याला आशीर्वाद दिसेल, असं तिनं केलं असावं, असं मी मानतो.

चित्रात एक आणि मनात एक, हे त्या पिढीच्या भरतकामात उघड उघड चाललेलं होतं, आणि त्याची किंमतही मोजली गेली होती. जेनच्या कापडाच्या तीस वर्षं आधीची गोष्ट. स्कॉटलंडची राणी मेरी स्ट्युअर्ट राज्य गमावून १५६८ मध्ये इंग्लंडच्या आश्रयाला आली आणि कैदेत पडली. पुढच्या वर्षी तिला भेटून आलेल्या निकोलस व्हाइटनं मंत्री सेसिलला पत्र लिहिलं. तो लिहितो, की दिवस कसा घालवता असं विचारल्यावर मेरी म्हणाली, बाहेर पाऊस असला की मी सारा दिवस सुई चालवते, रंगांच्या विविधतेमुळे काम कंटाळवाणं होत नाही. तिच्यासोबत भरायला बसायची ती तिच्या पहारेकऱ्याची, श्रूजबरीच्या अर्लची, बायको, बेस ऑफ हार्डविक. दोघींपुढे झुरिचच्या कॉनराड गेस्नरचा प्राण्यांचा प्रचंड ग्रंथ असे. त्यातली लाकडी ठशांची चित्रं त्या टाक्यांत उतरवत. एका चौकोनात मेरीनं तांबूस मांजर भरलं, जवळ उंदीर. इंग्लंडच्या राणीचे केस तांबूस होते. मांजर कोण आणि उंदीर कोण, हे सांगायला वर मजकुराची गरज नव्हती.

मांजर पचलं. उशी पचली नाही. मेरीनं नॉरफोकच्या ड्यूकला एक भरलेली उशी पाठवली होती. चित्रात आभाळातून उतरलेला एक हात, हातात कोयती, आणि ती कोयती वेलीची वांझ फांदी छाटतेय. सोबत लॅटिन बोधवाक्य, भावार्थ असा की घावानं गुण अधिकच फुलतो. एलिझाबेथला मूल नव्हतं, मेरीला मुलगा होता. नॉरफोक मेरीशी लग्न करून बंडात सामील होतोय असा आरोप आला तेव्हा ही उशी पुराव्यात पुढे आली. जून १५७२ मध्ये नॉरफोकचं शिर उडवलं गेलं. मेरीची पाळी १५८७ च्या फेब्रुवारीत आली. तिनं आणि बेसनं भरलेले असे बरेच चौकोन पुढे मखमलीवर जोडून मोठे पडदे झाले. नॉरफोक परगण्यातल्या ऑक्सबर्ग हॉलमध्ये ते आजही लटकतात. कापडावरच्या चित्राला राज्यकर्ते किती गंभीरपणे घेत होते, याचा यापेक्षा मोठा दाखला मला माहीत नाही. आपण मात्र त्याला ‘छंद’ म्हणतो.

जेन कुठल्या कटात नव्हती. तिची चित्रं घरगुती आहेत. बॉस्टॉक आणि ली ही दोन घराणी नात्यातली होती असं मानलं जातं, आणि कापड ॲलिससाठीच भरलं असावं. दोन वर्षांची मुलगी सुई हातात धरणार नाही हे जेनला कळत होतं. पण ती धरील तेव्हा तिच्यापुढे नमुने हवेत. शिवाय मुळाक्षरंही हवीत. तीही जेननं भरली आहेत, पण त्यात जे, यू आणि झेड नाहीत. त्यातल्या जे आणि यूचं कारण सरळ आहे. त्या काळच्या लिखाणात आय आणि जे हे एकच अक्षर, यू आणि व्हीसुद्धा एकच. म्हणून कुत्र्याचं नावही आजच्या डोळ्याला आय-व्ही-एन-ओ असं दिसतं. अक्षरं कापडावर भरायला शिकण्यामागे संसारातला हिशेब होता. घरातली चादर, टॉवेल, सदरा धुवायला गेला तर ओळखू यावा म्हणून त्यावर आद्याक्षरं घालायची असत. मुलीला अनेकदा अक्षर पहिल्यांदा भेटायचं ते या वाटेनं, सुईच्या टोकावर.

आणि मग तो हत्ती. जेननं वरच्या भागात एक हत्ती भरला होता, पाठीवर बुरूज असलेला. पुढे तो उसवला गेला. आज कापडावर रेशीम नाही, पण सुईनं धागे बाजूला सारून पाडलेली भोकं लिननमध्ये राहिली आहेत आणि त्यावरून हत्ती ओळखता येतो. युरोपातल्या चित्रांत हत्तीच्या पाठीवर अंबारी नसायची, दगडी किल्ल्यासारखा बुरूज असायचा. पिऱ्हस आणि हॅनिबल या प्राचीन सेनापतींच्या लढायांतले हत्ती लोकांनी ऐकलेले, पाहिलेले नव्हेत. मध्ययुगीन प्राणिकथांच्या पोथ्यांत हत्तीला गुडघा नसतो, तो पडला तर उठत नाही, असंही लिहिलेलं. १२५५ मध्ये फ्रान्सच्या राजानं इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीला एक जिवंत हत्ती पाठवला, तो टॉवर ऑफ लंडनमध्ये ठेवला होता आणि मॅथ्यू पॅरिस या साधूनं त्याचं चित्रही काढलं. पण बहुतेकांच्या मनातला हत्ती बुरूज घेऊनच चालायचा. मूळ कल्पना लढाईतल्या हत्तीवरच्या हौद्याची, आणि चित्रांत पोचेपर्यंत तिचा दगडी किल्ला झालेला. धारवाडकडच्या कसुती भरतकामात इरकली लुगड्यांवर अंबारीचा हत्ती येतो, तोही कापडाचे धागे मोजून, दोन्ही बाजूंनी सारखा दिसेल असा दुहेरी धावदोरा घालून. असाच टाका इंग्लंडमध्ये काळ्या रेशमाच्या कामात वापरत. दोन हत्ती, दोन टोकांना, एकाच टाक्यानं चालू शकणारे. जेनचा मात्र उसवला.

उसवणं हे काही अपयश नव्हे, भरणाऱ्या प्रत्येकीला ते माहीत असतं. जागेचा अंदाज चुकतो, रंग पटत नाही, मनात दुसरंच काही येतं. पण कागदावर खोडलेलं वाचता येतं तसं कापडावर उसवलेलंही वाचता येतं, म्हणून हा नसलेला हत्ती मला असलेल्या सिंहापेक्षा जवळचा वाटतो. तिथं जेनचा विचार बदललेला दिसतो. भरलेल्या टाक्यांत कौशल्य दिसतं, उसवलेल्यात माणूस दिसतो. त्या काळच्या कामात आपोआप गायब झालेली चित्रंही पुष्कळ आहेत आणि त्यांचं कारण रसायनाचं आहे. काळं रेशीम रंगवायला मायफळ आणि लोखंडाचं पाणी वापरत. तोच रंग शतकभरात धागा खाऊन टाकतो. मग काळ्या रेषा झडतात आणि नुसती भोकं उरतात.

पुढची गोष्ट लवकर सांगतो. सतराव्या शतकात सँपलर अरुंद आणि लांब झालं, पट्ट्यांवर पट्ट्या, गुंडाळून पेटीत ठेवता येईल असं, आणि ते मुलींच्या शिक्षणात गेलं. मार्था एडलिन या मुलीनं १६६८ साली, आठव्या वर्षी, रंगीत सँपलर भरलं. नवव्या वर्षी पांढऱ्यावर पांढरं. अकराव्या वर्षी भरलेल्या पट्ट्यांची अख्खी पेटी. तिच्या मुली-नातींनी ती पेटी पुढच्या मुलींना देत देत तीनशे वर्षं सांभाळली. त्या काळच्या पट्ट्यांत एक छोटा माणूस पुन्हा पुन्हा येतो, एक हात वर, हातात काहीतरी धरलेलं. संग्राहकांनी त्यांना ‘मुष्टियोद्धे’ असं नाव दिलं. अभ्यासकांनी जुने नमुने मागे मागे शोधत नेले तेव्हा कळलं, की मुळात ते प्रियकर-प्रेयसी होते, एकमेकांना भेट देणारे. एकीकडून दुसरीकडे उतरवता उतरवता प्रेयसीचं झुडूप झालं आणि प्रियकर हात उगारून एकटाच राहिला. तोंडी चालत आलेल्या ओवीत शब्द झिजून भलतेच होतात, तसंच हे टाक्यांतलं झिजणं.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात आदम आणि इव्ह आले, घर आणि कुंपण आलं, नीतिवचनं आली. चौकटीत घालून भिंतीवर टांगायचं कापड झालं ते. टाके कमी झाले, फुली टाका तेवढा राहिला. हा काळ मला फारसा भावत नाही. एक अपवाद. १८३० च्या आसपास ससेक्समधल्या एलिझाबेथ पार्कर या मोलकरणीचं काम केलेल्या तरुण मुलीनं पांढऱ्या कापडावर लाल रेशमानं, एकही चित्र न काढता, ओळीमागून ओळ आपली कहाणी भरली. मालकानं केलेला छळ, जीव द्यावासा वाटणं, देवाची करुणा भाकणं. मला लिहिता येत नाही म्हणून असं मांडते, असं ती सुरुवातीलाच सांगते, आणि फुली टाक्यातलं शेवटचं वाक्य अर्ध्यात थांबतं. कापड पुढे कोरं आहे. ती मुलगी नंतर शिक्षिका झाली आणि १८८९ पर्यंत जगली. हे कापडही जेनच्या कापडाच्याच संग्रहालयात आहे.

याच काळात मिशनरी बायका हा शिरस्ता आपल्याकडे घेऊन आल्या. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आली, मार्गारेट विल्सननं १८२९ नंतर मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, आणि या शाळांत वाचण्याबरोबर सुईकाम होतं. पालक मुलींना पुस्तकासाठी पाठवायला कचरत, सुईकामाला त्यांचा विरोध कमी असे. पुढे सरकारी आणि खासगी शाळांतून शिवणाचा तास रुळला. धावदोरा, टीप, हेम, काज, रफू, असे पांढऱ्या मांजरपाटाचे तुकडे वहीत चिकटवलेले कित्येकींनी पाहिलेत आणि केलेत. त्याशिवाय घरोघरी दुसूतीवर भरलेले पोपट, मोर, ‘सुस्वागतम्’, राधाकृष्ण, काचेच्या चौकटीत दाराच्या वर लागलेले. ती चौकट करणारी आजी किंवा आत्या आज नसते. चौकट रंग देताना खाली उतरते आणि पुन्हा वर चढत नाही. मागं उलटून पाहिलं तर सुताराच्या खिळ्यांशिवाय काही नसतं. नाव नाही, साल नाही.

जेनचं कापड महत्त्वाचं ठरलं ते सर्वांत सुंदर म्हणून नव्हे. त्याहून देखण्या कामाचे तुकडे जगातल्या संग्रहालयांत आहेत, पण ते मुके आहेत. तिनं नाव घातलं, साल घातलं, वार घातला. म्हणून ॲलिस ली आहे, जेन बॉस्टॉक आहे, आणि नसलेला हत्तीसुद्धा आहे.

आपल्या घरातल्या ट्रंकेत, माळ्यावर, कपाटाच्या तळाशी असं एखादं कापड नक्की असेल. ते साबणानं धुऊ नका, रंग उतरतील. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. घडीवर घडी घालण्याऐवजी धुतलेल्या मऊ मलमलीत सैल गुंडाळा आणि उन्हापासून दूर ठेवा. आणि ज्यांना आठवतंय अशी माणसं घरात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून एका कागदावर शिसपेन्सिलीनं लिहून त्यासोबत ठेवा: कुणी भरलं, कुठं, कधी, कुणासाठी. वार आठवत असेल तर तोही लिहा.